पायवाट कोणाची?

२४ एप्रिल १९३२ रोजी रविवार होता. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या हेफील्ड गावाबाहेर एक जुनी दगडाची खाण आहे. त्या दुपारी तिथे सुमारे चारशे तरुण-तरुणी जमली होती. बहुतेक जण मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांच्या गावांतले होते. कोणी सूतगिरणीत कामाला, कोणी यंत्रांच्या कारखान्यात, तर कित्येकांना त्या मंदीच्या काळात कामच नव्हते. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. मोटारदुरुस्तीचे काम शिकलेला, पण तेव्हा बेकार. पोलीस रेल्वे स्टेशनवर आपली वाट पाहत असणार हे ओळखून तो मित्राबरोबर सायकलवरून आला होता. खाणीतल्या एका खडकावर उभे राहून त्याने छोटेसे भाषण केले आणि सगळी मंडळी गाणी म्हणत किंडर स्काउट नावाच्या डोंगराकडे निघाली.

किंडर स्काउटची उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण निम्मी. डोंगर चढायला काही अवघड नाही. अवघड होते ते चढू देणाऱ्यांचे मन वळवणे. ठरावीक वाट सोडून मंडळी उताराला लागताच हातात काठ्या घेतलेले रखवालदार आडवे आले. थोडी झटापट झाली आणि एक रखवालदार जखमी झाला. बाकीचे पुढे पठाराच्या कडेपर्यंत पोचले. पलीकडच्या बाजूने शेफील्डहून चालत आलेला गट त्यांना तिथे भेटला. परतताना पोलिसांनी धरपकड केली. जुलै महिन्यात डर्बीच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर विनापरवाना चालणे हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हता. ती दिवाणी बाब होती. म्हणून आरोप ठेवले गेले ते बेकायदा जमाव आणि दंगल यांचे. आरोपपत्र ग्राह्य धरणाऱ्या ज्यूरीमध्ये लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता.

ही घटना आज इंग्लंडमध्ये बरीच प्रसिद्ध आहे. तिची गोष्ट सांगताना बहुधा जमीनदार, कामगार आणि कायदा यांच्यापुरतीच सांगितली जाते. पण ज्या जमिनीवरून हे भांडण झाले त्या जमिनीचाही स्वतःचा एक इतिहास आहे. तो तिच्याच थरांमध्ये लिहिलेला आहे आणि गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी तो बराचसा वाचला आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी-शेजारी ठेवले की काही गोष्टी वेगळ्याच दिसू लागतात.

मूर म्हणजे कसली जमीन?

उत्तर इंग्लंडच्या मधोमध पेनाइन नावाची डोंगररांग उभी आहे. तिच्या दक्षिण टोकाला ‘पीक डिस्ट्रिक्ट’ हा प्रदेश आहे. त्याच्या पश्चिमेला मँचेस्टर आणि पूर्वेला शेफील्ड. किंडर स्काउटचे पठार या दोन्ही शहरांपासून साधारण २५-३० किलोमीटरवर येते. दऱ्यांमध्ये दगडी कुंपणांची कुरणे, झरे आणि लहान गावे आहेत; वर मात्र मैलोगणती झाड नसलेला, वाऱ्याने झोडपलेला उघडा माळ. या माळाला ‘मूर’ म्हणतात.

आपल्याकडचे वाचक सह्याद्रीतले सडे डोळ्यांसमोर आणतील. उघडेपणा तोच, पण साम्य तिथेच संपते. सड्यावर पायाखाली कातळ लागतो, तर मूरवर ‘पीट’ लागते. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळपट, पाण्याने भिजलेला थर. किंडरवर तो काही ठिकाणी तीन-चार मीटर जाड आहे. थंड हवा, सततचा पाऊस आणि निचरा न होणारी जमीन यांमुळे मेलेल्या वनस्पतींपर्यंत प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे त्या पुरत्या कुजत नाहीत. एकावर एक साठत जातात. हजार वर्षांत साधारण अर्धा ते एक मीटर, इतक्या मंद गतीने हा थर वाढतो.

पीट तयार करणारी मुख्य वनस्पती म्हणजे स्फॅग्नम नावाचे मॉस. तिला मुळे नसतात. तिच्या पानांत पाणी साठवणाऱ्या मोठ्या पोकळ पेशी असतात, त्यामुळे ती आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर उगवणारे मॉस स्फॅग्नम नसते, पण तेही पाणी धरते. ते उन्हात वाळवून तोलावे, मग भिजवून, निथळून पुन्हा तोलावे. विद्यार्थ्यांना करता येण्याजोगा हा सोपा प्रयोग आहे. मूर हा असा एक प्रचंड स्पंज आहे एवढे कळले तरी पुढची गोष्ट समजायला पुरते.

कुंपणे आली

मूरवर फिरायला बंदी ही काही अनादि काळापासूनची गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये गावोगावी सामाईक जमिनी होत्या. आपल्या गायरानाशी त्यांची तुलना करता येईल. मालकी एखाद्या सरदाराची असली तरी तिथे गुरे चारण्याचा, जळण आणि पीट काढण्याचा गावकऱ्यांचा हक्क रूढीने मान्य होता. सतराव्या शतकापासून पार्लमेंटमध्ये एकेका गावासाठी कायदा करून या जमिनी कुंपणबंद करण्याचा आणि त्यांची खाजगी वाटणी करण्याचा सपाटा सुरू झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शिगेला पोचला. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२००हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांच्या कक्षेत आली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा हा एक-पंचमांशाहून थोडा अधिक भाग.

त्यात १८१५च्या एका कायद्याची भर पडली. त्यानुसार दोन मॅजिस्ट्रेटांनी ‘ही वाट अनावश्यक आहे’ असे ठरवले की पायवाट बंद करता येऊ लागली. मॅजिस्ट्रेट बहुतेक वेळा स्वतःच जमीनदार असत. ही गळचेपी लोकांनी मुकाट्याने सोसली नाही. १८२६मध्येच मँचेस्टरजवळची एक वाट बंद झाल्यावर शहरात जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिने न्यायालयात लढून काही वाटा खुल्या करून घेतल्या.

मूरच्या बाबतीत आणखी एक कारण होते. तिथे हेदर नावाचे काटक झुडूप वाढते. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर ‘रेड ग्राऊस’ हा तितराच्या कुळातला पक्षी जगतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि नव्या बंदुका आल्या, तशी ग्राऊसची शिकार हा श्रीमंतांचा मोठा षोक झाला. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई. कोवळे शेंडे मिळत राहावेत म्हणून हेदर आळीपाळीने जाळले जाई आणि पक्ष्यांच्या राखणीला वर्षभर रखवालदार असत. काही आठवड्यांच्या शिकारीसाठी बाकीचे सारे वर्ष मूर बंद, अशी व्यवस्था रुळली.

मागाला टांगलेले वनस्पतिशास्त्र

फिरायला जाणारे कामगार केवळ शुद्ध हवेसाठी जात होते असे समजणे चूक ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरच्या आसपास कामगारांची वनस्पतिमंडळे होती. विणकर, चांभार, माळी, गोदामातले नोकर रविवारी गावातल्या एखाद्या पबमध्ये जमत. पब अशासाठी की, इतक्या लोकांना बसायला दुसरी जागाच नव्हती. आठवडाभरात रानातून गोळा केलेल्या वनस्पतींचा टेबलावर ढीग पडे. अध्यक्ष एकेक नमुना उचलून त्याचे लॅटिन नाव सांगे. वर्गणी काढून पुस्तके विकत घेतली जात आणि तीही पबमध्येच ठेवली जात.

प्रेस्टविच गावचा जॉन हॉर्सफील्ड (१७९२-१८५४) हा हातमागावरचा विणकर अशाच एका मंडळाचा अध्यक्ष होता. लिनिअसच्या वर्गीकरणातले चोवीस वर्ग त्याने कागदावर लिहून काढले आणि तो कागद मागाला लावून ठेवला. धोटा फिरत असताना अधूनमधून वर पाहायचे आणि पाठ करायचे. एडवर्ड हॉब्सन (१७८२-१८३०) याने मॉस वर्गातल्या वनस्पतींचे इतके नेटके नमुने जमवले की विल्यम हूकरसारख्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञालाही त्यांचा उपयोग झाला. रिचर्ड बक्स्टन (१७८६-१८६५) हा चांभार मोठेपणी स्वतःच लिहाय-वाचायला शिकला आणि १८४९मध्ये त्याने मँचेस्टरपासून सोळा मैलांच्या परिसरातील वनस्पतींची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या माणसांजवळ प्रयोगशाळा नव्हती, उपकरणे नव्हती. होते ते दोन पाय आणि जाण्यासाठी वाट. प्रत्येक बंद झालेली पायवाट म्हणजे त्यांच्यासाठी अभ्यासाचे एक दार बंद होण्यासारखे होते. ज्ञानाच्या इतिहासात विद्यापीठांच्या नोंदी राहतात, पण पायवाटांच्या राहत नाहीत. म्हणून हे सांगायला हवे.

रविवारची गाडी

पुढे दोन गोष्टी घडल्या. १८५०च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोन वाजता सुट्टी मिळू लागली. त्यामुळे इतरांनाही हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली. दुसरी गोष्ट रेल्वे. १८६८मध्ये हेफील्डपर्यंत गाडी आली आणि १८९४मध्ये किंडरच्या दक्षिण पायथ्याच्या एडेल खोऱ्यातून मँचेस्टर आणि शेफील्ड जोडली गेली. सकाळी गिरणीच्या गावातून निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावर डोंगर आले.

फिरणाऱ्यांच्या संस्थाही वाढल्या. १८९४मध्ये पीक आणि उत्तर भागातल्या पायवाटांसाठी एक संस्था निघाली. तिने जमीनमालकांशी दीर्घकाळ वाटाघाटी करून १८९७मध्ये हेफील्डहून किंडरच्या कडेने जाणारी एक वाट खुली करून घेतली. १९००मध्ये शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी कामगारांचा फिरण्याचा क्लब सुरू केला. काही वेळा संघर्षही उफाळून आला. १८९६च्या सप्टेंबरमध्ये बोल्टन शहराजवळच्या विंटर हिलवरची वाट मालकाने बंद केली, तेव्हा एका रविवारी सुमारे दहा हजार लोक फाटक ओलांडून त्या वाटेने गेले. पुढे खटला मात्र मालकाने जिंकला.

पार्लमेंटमध्येही प्रयत्न झाले. जेम्स ब्राइस यांनी १८८४मध्ये स्कॉटलंडमधले डोंगर लोकांना खुले करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. त्यानंतर पन्नासएक वर्षे अशी विधेयके पुन्हा पुन्हा मांडली गेली आणि पुन्हा पुन्हा बारगळली.

१९३०च्या सुमारास लँकेशायरच्या कापडधंद्यावर मंदीची छाया होती. इथे आपलाही धागा जोडलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तिथला कापूस बंद झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे मोर्चा वळवला होता. नंतर तिथलेच कापड आपल्या बाजारात येत असे. १९३१च्या सप्टेंबरमध्ये, गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरच्या बेकार कामगारांना भेटायला गेले. विदेशी कापडावरील बहिष्काराची बाजू त्यांनी त्यांना समजावून सांगितली. किंडरची घटना त्यानंतर सात महिन्यांनी घडली. बेकारांच्या हाती वेळ होता, पैसा नव्हता, आणि चालायला पैसे लागत नाहीत.

ग्राऊस कशाने मरतात?

लोकांना मूरवर येऊ न देण्याची कारणे मालकांकडे होती. ती सगळीच खोटी होती असे नाही. विणीच्या हंगामात पक्ष्यांना त्रास होईल, कोणी निष्काळजीपणे आग लावील, ही भीती रास्त होती. खालच्या तलावांमधून शहरांना पाणीपुरवठा होत असे, म्हणून माणसांमुळे पाणी दूषित होईल, असे पाणीखात्याचेही म्हणणे होते.

पण ग्राऊसबद्दल एक पक्की माहिती तेव्हा उपलब्ध होती. काही वर्षांच्या अंतराने हे पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरत. त्याचे कारण शोधण्यासाठी १९०५मध्ये एक चौकशी समिती नेमली गेली. तिचे प्रत्यक्ष रानातले काम एडवर्ड विल्सन या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने केले. पुढे कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२मध्ये मरण पावला तोच हा विल्सन. त्याने सुमारे दोन हजार पक्ष्यांचे विच्छेदन केले. १९११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की, मुख्य दोषी आहे तो पक्ष्यांच्या आतड्यात वाढणारा धाग्यासारखा बारीक जंत. शिकारीसाठी पक्ष्यांची संख्या जितकी दाट ठेवावी, तितका या जंताचा प्रसार वाढतो. म्हणजे ग्राऊसच्या मोठ्या मरीचा संबंध रविवारी चालणाऱ्यांशी नव्हता. अहवाल छापून एकवीस वर्षे झाली होती, तरी वाट सोडून वळणाऱ्याला रखवालदाराची काठी आडवी येतच होती.

पिटातले परागकण

आता त्या दुसऱ्या इतिहासाकडे वळू. १९१६मध्ये स्वीडनचे भूशास्त्रज्ञ लेनार्ट फोन पोस्ट यांनी एक नवी पद्धत शास्त्रज्ञांपुढे मांडली. वनस्पतींचे परागकण वाऱ्याबरोबर उडून सगळीकडे पडतात. त्यांचे बाह्य कवच फार चिवट असते आणि प्राणवायू नसलेल्या आम्लधर्मी पीटमध्ये ते हजारो वर्षे टिकते. प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाचा आकार आणि त्यावरची नक्षी वेगळी असते. तेव्हा पीटमध्ये नळी खुपसून उभा नमुना काढायचा, थराथरांतले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे. खालच्या थरात जुना काळ, वरच्या थरात नवा. कोणत्या काळात तिथे काय उगवत होते, याची ही जणू रोजनिशीच.

दक्षिण पेनाइनमधल्या पीटचे असे वाचन व्हेरोना कॉनवे यांनी केले आणि १९५४मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यानंतर इतरांनीही भर घातली. त्यातून दिसलेले चित्र थोडक्यात असे: आज उघड्या असलेल्या या माथ्यांवर एकेकाळी बर्च, हेझल, पाइन, ओक यांची झाडी होती. पीटच्या तळाशी झाडांची खोडे सापडतात. गारगोटीची हत्यारेही सापडतात. ती मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यांची आहेत. काही ठिकाणी कोळशाचे कणही मिळतात. शिकारीसाठी माणसांनी रान जाळले, पुढे शेतकऱ्यांनी झाडे तोडली, गुरे चारली. हवाही अधिक ओली झाली. झाडे गेल्यावर जमिनीतले पाणी उपसणारे कोणी उरले नाही आणि पीट वाढू लागले. माणसाचा वाटा किती आणि हवामानाचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजूनही चर्चा आहे. ठिकाणागणिक उत्तर वेगळे येते. पण दोन्हींचा हात होता, याबद्दल फारसे दुमत नाही.

याचा अर्थ काय होतो पाहा. ‘हा प्राचीन, अस्पर्श निसर्ग आहे, माणसांना यापासून दूर ठेवा’ असे ज्या जमिनीबद्दल म्हणावे, ती घडवण्यात माणसे सात-आठ हजार वर्षांपासून सहभागी आहेत. १९३२चे तरुण त्या माळावर पाय ठेवणारे पहिले परके खचितच नव्हते.

आधी पोचलेला धूर

पीटच्या सगळ्यात वरच्या थरात आणखी एक नोंद आहे. खालून वर येताना स्फॅग्नमचे अवशेष सतत दिसत राहतात. पृष्ठभागाच्या जवळ आल्यावर काजळीचे काळे कण दिसू लागतात आणि साधारण त्याच सुमारास स्फॅग्नम दिसेनासे होते. १९६०च्या दशकात जॉन टॅलिस यांनी दक्षिण पेनाइनच्या पीटचा अभ्यास करताना हे मांडले. काजळी होती कारखान्यांच्या चिमण्यांची.

मँचेस्टरचा पाऊस आम्लयुक्त आहे हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२मध्येच दाखवून दिले होते. शहरापासून दूर शेतांत पडणारा पाऊस, उपनगरांतला पाऊस आणि ऐन शहरातला पाऊस यांची त्याने तुलना केली. शहरातल्या पावसात त्याला मुक्त सल्फ्युरिक आम्ल आढळले. ‘आम्लवर्षा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्याच १८७२च्या ग्रंथातून आला. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे मँचेस्टरच्या चिमण्यांतून निघालेला गंधकाचा धूर पूर्वेकडच्या किंडरवर जाई.

स्फॅग्नमला मुळे नाहीत हे आपण पाहिलेच. ते पाणी आणि क्षार पावसातून थेट घेते आणि त्याची पाने एकाच पेशीइतकी जाड असतात. त्यामुळे पावसातल्या विषापासून त्याला कसलेच संरक्षण नसते. १९७०च्या दशकात मँचेस्टर विद्यापीठातील जॉन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फॅग्नमच्या जातींना गंधकाची संयुगे असलेले पाणी देऊन पाहिले. पूर्वीच्या हवेत असेल अशा प्रमाणातही अनेक जातींची वाढ खुंटली. स्फॅग्नम गेले आणि स्पंजाचे वरचे आवरण फाटले. त्यात चराई आणि आगी यांची भर पडली. उघडे पडलेले पीट पावसाने वाहून जाऊ लागले आणि पठारावर खोल घळी पडल्या.

गिरणीत राबणारा माणूस रविवारी ज्या धुरापासून पळ काढून डोंगराकडे येत होता, तो धूर त्याच्या आधीच तिथे पोचलेला होता. काठी घेतलेला रखवालदार धुराला अडवू शकत नव्हता. मूरचे सर्वांत मोठे नुकसान करणाऱ्यांची नावे कोणत्याही न्यायालयात पुकारली गेली नाहीत.

वहिवाट

१९३२ची कृती सर्वांना पटली होती असे मात्र नाही. फिरणाऱ्यांच्या जुन्या संघटनांनी तिला विरोध केला. सबुरीने चाललेली बोलणी यामुळे फिसकटतील असे त्यांना वाटत होते. पण चालण्यासाठी तुरुंगात जावे लागते ही बातमी देशभर पसरली. पुढच्या सभांना हजारो लोक येऊ लागले.

योगायोग असा की, त्याच १९३२ साली इंग्लंडमध्ये पायवाटांच्या हक्काचा एक कायदा झाला. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे अखंड आणि बिनहरकत ये-जा करत असतील तर ती सार्वजनिक वाट मानावी, असे त्याचे सूत्र होते. आपल्याकडे बांधावरच्या रस्त्याच्या भांडणात ‘वहिवाट’ हा शब्द नेहमी ऐकू येतो. १८८२च्या आपल्या ईझमेंट कायद्यातही वीस वर्षांच्या अखंड वापराला महत्त्व आहे. कागद नसला तरी पावलांची सवय हा पुरावा ठरतो, हे तत्त्व दोन्हींकडे आहे. मात्र वहिवाट वाटेपुरती असते. मोकळ्या माळावर हवे तिकडे फिरण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही, आणि किंडरचे भांडण नेमके त्यासाठी होते.

तो हक्क मिळायला बराच काळ जावा लागला. १९३५मध्ये फिरणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९३९चा डोंगरप्रवेशाचा कायदा इतका पांगळा झाला की फिरणाऱ्यांनाच तो नकोसा वाटला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रदेशात प्रवेश यांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार १९५१मध्ये ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले ते पीक डिस्ट्रिक्टचे. १९६५मध्ये एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली. उद्घाटनाची तारीख होती २४ एप्रिल. शेवटी २००० साली झालेल्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदलेल्या मूर, डोंगर आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क दिला. तो २००४-०५मध्ये अमलात आला. इंग्लंडच्या साधारण आठ टक्के भूमीला तो लागू आहे. स्कॉटलंडने २००३मध्ये याहून बराच व्यापक हक्क दिला. २००२मध्ये किंडरच्या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या वेळी झालेल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. बेनी रॉथमन त्याच वर्षाच्या जानेवारीत वारला होता.

गिरणीच्या फरशा

वाटा खुल्या झाल्या आणि गोष्ट सुफळ संपूर्ण झाली, असे लिहून थांबता आले असते. पण तसे झाले नाही. पेनाइन वेवरून हजारो लोक चालू लागले आणि बुटांखाली मऊ पीट तुडवले गेले. चिखल टाळण्यासाठी लोक बाजूने चालत, त्यामुळे वाट रुंदावत गेली. जमीनदारांच्या आक्षेपात काही तथ्य होते, ते असे उघड झाले. फरक एवढाच की, आता उपाय म्हणून फाटक लावले गेले नाही. चालणारे, शास्त्रज्ञ, जमिनीचे मालक आणि सरकारी खाती यांनी मिळून दुरुस्तीचे काम हाती घेतले.

१९८२मध्ये किंडर स्काउट नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतला. १९५६च्या शुद्ध हवेच्या कायद्यानंतर आणि जुने कारखाने बंद पडल्यानंतर हवेतला गंधक कमी झाला, त्यामुळे स्फॅग्नमला पुन्हा जगण्याजोगी परिस्थिती आली होती. पण ते आपोआप परतेना. २००३पासून या भागात पद्धतशीर काम सुरू झाले. घळींत बांध घालून पाणी अडवायचे, उघड्या पीटवर गवत आणि हेदर पेरायचे, मेंढ्यांना काही वर्षे दूर ठेवायचे आणि मग स्फॅग्नमची रोपे लावायची. याचे महत्त्व एका डोंगरापुरते नाही. जगातील जमिनीच्या सुमारे तीन टक्केच भागावर पीट आहे, पण मातीत साठलेल्या एकूण कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात असल्याचा अंदाज आहे. पीट वाळले की तो कार्बन हवेत जातो.

शिक्षकांना हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर इंग्लंडचा नकाशा नसला तरी चालेल. आपल्या गावातल्या आजी-आजोबांना विचारायला मुलांना सांगावे: तुम्ही लहानपणी कोणत्या वाटेने शाळेत, नदीवर, डोंगरावर जात होता? त्यातल्या कोणत्या वाटा आज आहेत, कोणत्या बंद झाल्या, कशामुळे? त्या वाटेवर कोणती झाडे होती? उत्तरांचा एक नकाशा काढला तर इतिहास, भूगोल आणि विज्ञान असे तिन्ही विषय त्यात येतील. हॉर्सफील्डने मागाला टांगलेला कागद असाच होता.

पेनाइन वेची वाट वाचवण्यासाठी अखेरीस पीटवर दगडी फरशा अंथराव्या लागल्या. इतके दगड नव्याने खणून आणण्याऐवजी जुने वापरायचे ठरले. त्या सुमारास लँकेशायरच्या कित्येक सूतगिरण्या पाडल्या जात होत्या आणि त्यांच्या तळमजल्यावरच्या मोठमोठ्या फरशा पडून होत्या. हेलिकॉप्टरने त्या डोंगरावर नेल्या आणि एकापुढे एक मांडल्या. काही फरशांवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके आजही दिसतात. ज्या जमिनीवर उभे राहून कामगारांनी आठवडाभर काम केले, त्याच फरशांवरून आता कोणीही, कोणत्याही वारी, मूर ओलांडून जाऊ शकतो.